मधाळे सरांची सरळ रेषा

संकेश्वरच्या अलीकडे, भर दुपारी, हमरस्त्याच्या कडेला एक चाळिशी ओलांडलेला गृहस्थ इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात पालथा पडला आहे, एक गाल डांबराला टेकवलेला आहे आणि एक डोळा मिटलेला आहे, असं दृश्य दिसलं तर तुम्ही काय कराल? उसाच्या गाडीवानांनी जे करायला हवं तेच केलं. एकानं बैल थांबवले. दुसऱ्यानं भाकरीबरोबरचा कांदा बुक्कीनं फोडून त्या गृहस्थाच्या नाकाला लावला. तिसरा पायातली चप्पल काढून आपली पाळी कधी येते म्हणून उभा राहिला.

"फीट न्हाय आली मला," पालथे गृहस्थ कांद्याआडून म्हणाले. "जरा बाजूला सरका. उजेड अडतोय."

हे आमचे मधाळे सर. बेळगावात आमच्या शाळेत ते गणित शिकवायचे आणि मी मराठी. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारीच उभा होतो, हातात स्टीलची ताटली आणि ताटलीत एक लिंबू. त्यामुळे गाडीवानांनी मलाही शहाण्यात धरलं नाही. जाताना त्यातला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "अमुशाला उतरवून टाकत्यात वाटतं कायतरी."

सर उतरवत काही नव्हते, वाचत होते. डांबरी रस्त्यावर उसाच्या गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावांनी पडलेल्या चाकोऱ्या वाचत होते. उन्हानं डांबर मऊ झालं की त्या धावा आत रुतायच्या आणि हंगामभर गाड्या जाऊन जाऊन रस्त्यावर पन्हळीसारखे दोन लांबच लांब खळगे पडायचे. ते किती खोल, त्यांच्या कडा कुठल्या बाजूला उतरत्या, हे गाल टेकवल्याशिवाय कळत नाही असं सरांचं मत होतं. आणि हे सगळं कशासाठी, तर त्यांच्या गाडीसाठी. आणि गाडी कशासाठी, तर आक्कासाठी.

सर कुठलीही गोष्ट भूमितीच्या भाषेत मांडायचे. स्टाफरूममध्ये चहा आला नाही तर म्हणायचे, "पक्ष: शिपाई खाली गेला आहे. साध्य: चहा." मी पहिल्यांदा त्यांना विचारलं होतं, की एकट्या माणसाला गाडी हवी कशाला. त्यावर त्यांनी खडू झटकला आणि उत्तर दिलं, "पक्ष: आक्का निपाणीत. साध्य: आक्का पिरनवाडीत. सिद्धता चालू आहे."

आक्का म्हणजे सरांची मोठी बहीण. आईवडील खडी फोडायच्या कामावर होते, ते लवकर गेले. मग आक्कानं निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम धरलं आणि धाकट्या यशवंतला शिकवलं. मॅट्रिक, बी.एस्सी., बी.एड. सगळं त्या वखारीतून निघालं. स्वतःचं लग्न तिनं केलं नाही. सरांचंही मग राहूनच गेलं. सरांनी बेळगावबाहेर पिरनवाडीला दोन खोल्यांचं घर बांधलं तेव्हा त्यातली मोठी खोली आक्काची ठरली. खोलीत कॉट आली, कॉटवर गादी आली, कपाट आलं. फक्त आक्का येईना. एस.टी.नं चल म्हटलं तर ती म्हणे गर्दी लई असती. म्हणून सर गोव्याला गेले आणि गाडी घेऊन आले.

गाडीबद्दल थोडं सांगायलाच हवं. बुटकी, दोन दारांची, फिरंग्यांच्या काळातली, रंग एकेकाळी हिरवा असावा असा. मागच्या सीटवर बसायचं म्हणजे गुडघे कानाला लावून बसावं लागे. पण तिची चाकं बघायला मात्र बेळगावच्या खडेबाजारातली माणसं दुकानं टाकून यायची. म्हापशाच्या एका भंगारवाल्याकडे कुणा हिप्पीनं आपली शर्यतीची मोटार विकून टाकली होती, तिची ही चाकं. चांगली ऐसपैस रुंद. सरांनी ती लेथवाल्याकडून खटपट करून आपल्या गाडीला बसवून घेतली होती.

त्यामागेही गणित होतं. वखारीत जन्मभर वाकून बसल्यामुळे आक्काची कंबर धरलेली. टायर रुंद म्हणजे जमिनीला टेकणारी जागा जास्त, जागा जास्त म्हणजे दाब कमी, दाब कमी म्हणजे धक्का कमी. "आक्काला गादीवर बसल्यागत वाटंल बघा," सर आनंदानं म्हणाले. त्यांना आनंद झाला की त्यांची भाषा निपाणीला जायची.

गणित बरोबर होतं. रस्त्याला ते ठाऊक नव्हतं.

पहिल्याच खेपेला, आक्काला निपाणीहून आणताना, गाडीनं आपले गुण दाखवले. मी मागे होतोच. सर सरळ चालवताहेत आणि गाडी आपल्या मर्जीनं डावीकडे. सर तिला उजवीकडे आणताहेत, तर ती दुसऱ्या चाकोरीत उडी मारून उजवीकडेच पळते आहे. स्टिअरिंग सरांच्या हातात वळवळत होतं. आक्का पुढच्या सीटवर, काच पूर्ण खाली करून, तोंड आणि पदर खिडकीबाहेर काढून, दार घट्ट धरून बसलेली.  संकेश्वरजवळ गाडी एका उसाच्या बैलगाडीकडे ओढीनं निघाली, बैलानं मान वळवून आमच्याकडे पाहिलं, आणि सरांनी करकचून ब्रेक दाबला. आक्का शांतपणे खाली उतरली.

"यशा, तुजी गाडी तुजं ऐकत न्हाय रं," ती म्हणाली. "ती सरळ चालाय लागली म्हंजे बघू." आणि समोरून येणाऱ्या निपाणीच्या एस.टी.ला हात करून, त्याच गर्दीत चढून, ती परत गेली.

दुसऱ्या दिवशी सर शाळेत आले ते पेटून उठलेले. मला वाटलं होतं माणूस खचला असेल. कसलं काय! हातात फळ्यावरचा मोठा लाकडी गुण्या आणि डोळ्यांत चमक. "कुलकर्णी, अट घातली तिनं. नुसतं न्हाय म्हटलेलं न्हाय. अट म्हंजे पक्ष. आता फक्त सिद्धता ऱ्हायली."

आणि मधाळे सरांच्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं पर्व सुरू झालं. माझ्याही, खरं सांगायचं तर. मला गाडी लागते, मळमळतं, रविवारी दुपारी झोप नाही मिळाली तर मी चिडचिडा होतो, हे सगळं माझी बायको जगाला सांगत असते. पण त्या रविवारांची मी वाट बघायला लागलो. बायकोनं पिशवीतून एक लिंबू काढून दिलं की निघायचं. लिंबू ताटलीत, ताटली माझ्या मांडीवर. गाडी सरळ असेल तर लिंबू जागेवर राहणार. घरंगळलं की मी मोठ्यानं "हललं" म्हणायचं, हा नियम. पहिल्या रविवारी संकेश्वरपर्यंत मी इतक्या वेळा "हललं" म्हणालो, की घसा बसला आणि सोमवारी मुलांना कविता हातवाऱ्यांनी शिकवावी लागली.

गाडी अशी का ओढते, याचा शोध सरांनी त्या पालथ्या निजण्यातून लावला. स्टाफरूममध्ये त्यांनी तो जाहीर केला तेव्हा इतिहासाच्या बाईंनी विणकाम थांबवलं.

"बैलगाडीची धाव अरुंद. ती चाकोरीत पडली की पडली, तिला दुसरं कायच म्हाईत न्हाय. आपल्या स्कूटरचं टायर बी बारीक. ते चाकोरी ओलांडून जातं, बघत बी न्हाय. पण ह्ये माझं टायर! ह्ये रुंद हाय आणि ताठ हाय. एक कड चाकोरीच्या उतारावर, दुसरी कड वर सपाटीला. उतारावरची कड म्हणती इकडं चल. वरची म्हणती तिकडं. जिचा जोर जास्त, तिकडं गाडी. थोडक्यात काय, बारीक टायर अडाणी असतंय. रुंद टायर रस्ता वाचतंय. प्रत्येक ओळ वाचतंय. शिकलेलं हाय ते, त्येच दुखणं हाय."

"मग अडाणीच बसवा की," इतिहासाच्या बाई म्हणाल्या आणि पुन्हा विणायला लागल्या.

सरांना हे पटण्यासारखं नव्हतं. आक्काची कंबर आड येत होती. टायर रुंदच हवं आणि तरी त्यानं वाचू नये, असं त्यांचं साध्य होतं.

आधी त्यांनी हवा कमी केली. मऊ पडलं तर भांडणार नाही, असा हिशोब. गाडी इतकी लोळायला लागली, की वळणावर लिंबू ताटलीतून उडून माझ्या खिशात गेलं. मग हवा दाबून भरली. आता गाडी दगडासारखी कडक झाली आणि बारीकसारीक खडीही वाचायला लागली, तिचे धक्के माझ्या दाढेपर्यंत पोचले. मग सर सकाळी उठून, टायर गार असताना, दर वेळी थोडीथोडी हवा बदलून बघायला लागले. हवा भरणारा पोरगा नजरेनं हवा भरायचा, सर मापानं. दोघांचं कधी पटलं नाही.

मग आलं धाग्याचं प्रकरण. खडेबाजारात आमच्या ओळखीचा बाबूभाई मेस्त्री होता. त्याच्या दुकानासमोर सरांनी भर बाजारात, गाडीच्या दोन्ही अंगांनी, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरे ताणले. पुढची चाकं एकमेकांकडे किती वळलेली, का बाहेर फाकलेली, हे त्यांना मोजायचं होतं. गुण्या लावून, डोळा मिटून, पुन्हा पालथे. एक गाय दोरा तोडून गेली. एका मुलाचा पतंग अडकला. मोतीचूर घेऊन जाणारे एक गृहस्थ अडखळले आणि सरांनी त्यांना "कोन बिघडवू नका" असं सुनावलं. पण निघालं मात्र खरं: चाकं जरा बाहेरच्या बाजूला फाकलेली होती. बाबूभाईनं ती आत घेतली, हालणारे सांधे बदलले, झिजलेली रबरं बदलली. सर तरी म्हणत अजून केसभर. शेवटी बाबूभाईनं पाना खाली ठेवला आणि हात जोडले. "साकु, सर, पुरं आता. मोटार हाय ही. कंपासपेटी न्हाय."

त्या रविवारी निपाणीपर्यंत मी मोजकंच "हललं" म्हणालो. सर इतके खूश झाले, की त्यांनी तवंदीच्या घाटात गाडी थांबवून मला उसाचा रस पाजला आणि स्वतः गाडीभोवती दोन चकरा मारल्या.

निपाणीला गेलं की आक्काकडे चहा व्हायचा. एक खोली, शेणानं सारवलेली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली सरांचा पदवीचा फोटो, दोन्ही एकाच मापाच्या चौकटीत. सगळ्या गावालाच तंबाखूचा वास, गल्लीत शिरलं की मला शिंका सुरू. आक्का आम्हाला आत चटईवर बसवायची आणि स्वतः बाहेर पायरीवर बसायची. आत या म्हटलं तर, "हितं वारं हाय," म्हणायची. सर चहाचा कप हातात घेऊन तिला टायर समजावून सांगायचे. ती पायरीवरून मान हलवायची.

"झाली का सरळ?"

"जवळजवळ."

"मग जवळजवळच येतो मी," आक्का म्हणायची. आमच्या निपाणी-कोल्हापूरकडच्या बायका अशा पुरुषासारख्या 'येतो, जातो' बोलतात, त्यामुळे तिचा नकार फार मर्दानी वाटायचा.

पुढे सरांनी हात सैल सोडायला शिकून घेतलं. स्टिअरिंग आवळून धरलं की गाडी जास्त भांडते, तिला थोडं इकडेतिकडे होऊ द्यावं, मग ती आपणच परत येते, हा शोध त्यांना हत्तरगीजवळ लागला. लागल्याबरोबर त्यांनी दोन्ही हात सोडून मला तो दाखवला. मी त्या वेळी जे ओरडलो ते "हललं" नव्हतं. चाकोरीत न शिरता तिच्या एका अंगानं, वीतभर बाजूनं गाडी कशी न्यायची, हेही त्यांना जमलं. आता लिंबू बहुतेक वेळ गप्प राहायचं. पण ऐन उसाच्या हंगामात, संकेश्वरच्या पट्ट्यात, ते हटकून घरंगळायचं. आणि आक्काची अट 'बहुतेक'ची नव्हती.

शेवटी एका सोमवारी सर स्टाफरूममध्ये आले आणि इतिहासाच्या बाईंसमोर उभे राहिले. "बाई, अर्धं तुमचं बरोबर," म्हणाले. "अडाणी न्हाय आणि पंडित बी न्हाय. मध्यम मार्ग." त्यांनी हिप्पीची चाकं काढून मधल्या मापाची बसवली होती. आक्काच्या कमरेसाठी सीटमध्ये नवी स्प्रिंग आणि वर कापसाची गादी घातली होती. जुन्या टायरांत माती भरून त्यांनी पिरनवाडीच्या अंगणात कोथिंबीर लावली. ती उत्तम आली.

आणि तो रविवार उजाडला. संकेश्वरच्या पट्ट्यात उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, चाकोऱ्या दरवर्षीपेक्षा खोल. सरांची कानशिलं लाल झालेली. मी लिंबाकडे बघतोय, सर रस्त्याकडे बघताहेत. बैलगाड्या गेल्या, संकेश्वर गेलं, घाट आला, घाट उतरला. लिंबू जागच्या जागी. मला हसू आवरेना. मी मागच्या सीटवरून सरांच्या पाठीवर थाप मारली, तर सर म्हणाले, "थाप मारू नका, लिंबू हालंल." पण हसत होते तेही.

आक्का पायरीवर होती. सरांच्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं.

"झाली?"

"झाली."

तिनं पायरीवरून उठून दाराच्या चौकटीवरून हात फिरवला. मग आत गेली, नवं लुगडं नेसून बाहेर आली, हातात एक गाठोडं. शब्दाची पक्की बाई. "चल," म्हणाली.

परतीच्या वाटेवर सर काय बोलत होते म्हणून सांगू! कडा, उतार, हवा, धागा, बाबूभाई, हत्तरगी. आयुष्यभर जिनं शिकवलं तिला माणूस आपली परीक्षा पास झालेली दाखवत होता. गाडी रेघ मारल्यासारखी चाललेली. आणि आक्का मात्र पुन्हा तशीच. काच पूर्ण खाली, तोंड बाहेर, पदर बाहेर, दार धरलेलं. संकेश्वर मागे पडलं तरी तशीच. सरांचं बोलणं हळूहळू कमी झालं. मग थांबलंच.

"आक्का," ते शेवटी म्हणाले, "आता का भ्यातीस गं? गाडी सरळ हाय की."

"कोन भ्यालंय?" आक्का वाऱ्यातूनच म्हणाली.

"मग तोंड आत घे की."

"ऱ्हाऊ दे. वारं हाय."

"कंबर दुखंल असं बसून. आक्का, भ्याली न्हाईस तर मग त्या बारीला उतरलीस का?"

आक्कानं एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्यासमोर बोलावं की नाही, असं काहीतरी तिच्या मनात असावं.

"वास ऱ्हातोय रं," ती म्हणाली. "तंबाकूचा. कितीबी धू, अंगातनं जात न्हाय. नवी गादी घातलियास. उद्या तुजं हेडमास्तर बसतील हितं. ह्ये मास्तर बसत्यात. म्हनून म्हटलं, वाऱ्यावर जाऊ दे. त्या बारीला बी त्येच. आन् घरात तर काय, घर दोन खोल्यांचं. लोक येनार, बसनार. म्हनून काडत हुतो दिस, गाडी ऐकत न्हाय म्हन, गर्दी हाय म्हन."

सरांनी गाडी बाजूला घेतली. थांबवली. मला ते टायर, ते दोरे, ते कांदे, सगळं एकदम आठवलं. रस्त्याची ओळ न् ओळ वाचणारा हा माणूस शेजारच्या सीटवरचं वाचू शकला नव्हता, आणि ते त्याला आता कळलं होतं. मला त्याची फार दया आली, आणि फार प्रेमही वाटलं.

सर खाली उतरले. गाडीला वळसा घालून आक्काच्या दाराशी आले. तिचा पदर हातानं धरून आत घेतला, दार उघडलं आणि आत हात घालून तिच्या काचेचा दांडा फिरवायला लागले. दांडा घट्ट होता. काच कुरकुरत वर गेली. दार लावून ते परत आपल्या जागी आले आणि आपल्या बाजूचीही काच वर केली.

"कुलकर्णी, मागची लावा."

मी लावली. गाडी बंद डब्यासारखी झाली आणि निपाणीचा वास तिच्यात भरून राहिला. मला शिंक आली. आक्का चपापली.

"येऊ दे त्यांना शिंका," सर म्हणाले. "मला शिकवलं त्या वासानं. गादीला लागला तर लागू दे."

 थोड्या वेळानं आक्का सीटवर मागे रेलून बसली. तिला तसं बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

बेळगाव मागे गेलं. पिरनवाडीच्या अलीकडचा रस्ता तेव्हा नुकताच झाला होता, नवं डांबर, एक चाकोरी नाही. तिथं गाडी एकदम डावीकडे गेली. ताटलीतलं लिंबू घरंगळत माझ्या पायाशी पडलं. मी वर पाहिलं. सर एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताच्या बाहीनं डोळे पुसत होते.

नियमाप्रमाणे मी "हललं" म्हणायला हवं होतं. मी वाकून लिंबू उचललं आणि गुपचूप ताटलीत ठेवून दिलं.